कड्यावरची मच्छीमारवाट

पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावर सांव तोर्पिश ते लागुश अशी सुमारे २२६ किलोमीटरांची पायवाट आहे. ‘मच्छीमारांची वाट’ हे तिचं अधिकृत नाव, आणि ती खरोखरच त्यांची आहे. मासा लागतो त्या खडकापर्यंत पोचायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या गळाची काठी आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून कड्याच्या कडेकडेने चालत आली, त्या पावलांनी ही रेघ उमटली. २०१२ साली ‘रोता व्हिसेंतिना’ या नावाने इथल्या पायवाटांचं जाळं भटक्यांसाठी खुलं झालं. त्यामागे पुढाकार होता ‘काझाश ब्रांकाश’ या संघटनेचा, म्हणजे खेड्यापाड्यांत छोटी अतिथिगृहं आणि खाणावळी चालवणाऱ्या स्थानिक मंडळींचा. त्यांनी डोंगर फोडले नाहीत, फरसबंदी केली नाही. होती त्याच वाटेवर हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या खुणा रंगवल्या. या वाटेचं सगळं मोठेपण मला त्या संयमात दिसतं.

वाट सुरू होते ती सिनिश शहराच्या वेशीवर. वास्को द गामा इथला. त्याचा जन्म १४६९च्या सुमाराचा, आणि गावच्या किल्ल्याजवळ त्याचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १४९८मध्ये तो कालिकतला पोचला आणि पुढच्या बारा वर्षांत गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला, त्यामुळे आपल्या माणसाचे पाय त्या पुतळ्यापाशी जरा रेंगाळतातच. आजचं सिनिश मात्र तेलशुद्धीकरण कारखान्याचं आणि मोठ्या बंदराचं गाव आहे. कोळशावरचं वीजकेंद्र जानेवारी २०२१मध्ये बंद झालं. हे सगळं पाठीमागे टाकून पोर्तो कोवोला आलं की खरी भटकंती सुरू होते. बहुतेक लोक पोर्तो कोवो ते ओदेसेइश हे चार टप्पे चालतात, सुमारे ७५ किलोमीटर.

पहिल्याच टप्प्यात वाळू भेटते. किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू नव्हे. टेकाडांवरची कोरडी, भुसभुशीत, पाऊल घोट्यापर्यंत गिळणारी. वीस किलोमीटरांचा हा टप्पा कागदावर सपाट दिसतो, पण संध्याकाळी पोटऱ्या वेगळंच सांगतात. समोर पेसेगेरू बेट असतं. बेटावर एक किल्ला आणि त्याच्यासमोर जमिनीवर दुसरा. स्पेनच्या राजाचा पोर्तुगालवर अंमल असताना बेट आणि किनारा बांधाने जोडून बंदर उभारायचा बेत होता. बंदर काही झालं नाही, किल्ले तेवढे राहिले.

मीरा नदीच्या मुखावरचं व्हिला नोव्हा दी मिलफोंतिश हे पुढचं मुक्कामाचं गाव. चाच्यांपासून रक्षणासाठी बांधलेली गढी तिथे आजही नदीवर नजर ठेवून आहे. याच गावातून एप्रिल १९२४मध्ये ब्रितो पायश आणि सार्मेंतो दी बेइरिश या वैमानिकांनी मकाऊकडे झेप घेतली. त्यांचं ‘पात्रिया’ हे विमान भारतात, जोधपूरच्या परिसरात कोसळलं. दोघे बचावले, लाहोरात दुसरं विमान विकत घेतलं आणि पुढे निघाले. पोर्तुगालमध्ये ही कथा मोठ्या अभिमानाने सांगतात.

मिलफोंतिशच्या दक्षिणेला कडे उंच होत जातात. खडक काळपट, थराथरांचा. समुद्रतळाशी साचलेला तीस कोटी वर्षांहून जुना गाळ दाबाखाली असा दुमडला गेलाय की जागोजागी उभ्या घड्या उघड्या पडल्या आहेत. सार्दांव भूशिरावर १९१५मध्ये उभारलेलं दीपगृह आहे. तिथे थांबावं ते करकोच्यांसाठी. पांढरा करकोचा युरोपभर धुराड्यांवर, घंटाघरांवर घरटी बांधतो. समुद्राच्या लाटांत उभ्या असलेल्या सुळक्यांवर तो वीण करतो ती एवढ्या या किनाऱ्यावर, जगात इतरत्र कुठे नाही. जमिनीवरच्या शिकाऱ्याला तिथे पोचता येत नाही. वाटेवरून पाहिलं तर घरटं आपल्या पायाखालच्या पातळीवर येतं. काटक्यांचा भलामोठा ढीग, त्यात मान खाली घालून बसलेली पिल्लं, आणि वाऱ्याला छाती देत पंख सावरून अलगद उतरणारी मादी. ती उतरली की नर-मादी दोघंही मान मागे टाकून चोचींचा खडखडाट करतात, आणि खाली लाटा फुटत असूनही तो आवाज कड्यावर स्पष्ट ऐकू येतो.

या किनाऱ्याच्या श्रीमंतीचं मूळ वाऱ्यात आहे. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा, तिथली ‘नोर्तादा’, दिवसचे दिवस वाहतो. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार, पोषक पाणी वर येतं. म्हणून ऑगस्टमध्येसुद्धा समुद्रात पाय घातला की शहारा येतो, आणि म्हणूनच इथे मासळी मुबलक.

याच पाण्यावर पर्सेबिश पोसतात. कोळंबी-खेकड्यांच्या भाऊबंदांपैकी हा जीव. काळसर चामडी देठ आणि टोकाला नखासारखी कवचं. लाटा जिथे सर्वांत जोरात आदळतात तिथेच तो वाढतो, आणि तिथूनच तो खरवडून काढावा लागतो. ओहोटीला माणसं दोराने कडा उतरतात. एक जण समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा लोखंडी खरवडणीने खडकाच्या फटीतून झुबके काढतो. ओरडा आला की हातातलं टाकून वर चढायचं. या धंद्याने माणसं गिळली आहेत. परवाना लागतो, रोजच्या वजनाला मर्यादा आहे, काही महिने बंदी असते. आझेन्या दु मारसारख्या चिमुकल्या बंदरावर हे पर्सेबिश नुसत्या मिठाच्या पाण्यात उकळून ताटात येतात. देठ सोलून आतला गर खायचा. चव समुद्राचीच, दुसरं काही मिसळलेलं नाही.

पोर्तुगालच्या दक्षिणेकडचा बराचसा आल्गार्व्ह हॉटेलांनी बुजला, आणि हा किनारा वाचला. १९८८मध्ये त्याला संरक्षण मिळालं, १९९५मध्ये तो नैसर्गिक उद्यान झाला. सुमारे ११० किलोमीटरांची किनारपट्टी आणि लगतच्या समुद्राचा पट्टा त्यात येतो. पण कायद्याने सिमेंट अडवलं, प्लास्टिक नाही. कड्यापासून थोडं आत वळून पाहिलं की पिकांवर घातलेल्या पांढऱ्या पॉलिटनेलांचे पट्टेच्या पट्टे दिसतात. मीरा नदीवर १९६९मध्ये सांता क्लारा धरण झालं. त्या पाण्यावर आधी साधी शेती झाली, आता रास्पबेरी पिकते आणि उत्तर युरोपच्या दुकानांत जाते. ती खुडणारे हात नेपाळ, भारत आणि बांगलादेशातले आहेत. २०२१च्या वसंतात ओदेमिरा तालुक्यातल्या दोन विभागांची करोनामुळे नाकाबंदी झाली, तेव्हा एकेका घरात किती मजूर कोंबले जातात हे साऱ्या पोर्तुगालने टीव्हीवर पाहिलं. संरक्षित उद्यानाच्या हद्दीत हे चालू आहे. या वाटेचं वर्णन करताना ते वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

जायचं ठरवलंत तर मार्च ते मे किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे दिवस धरा. फुलं आणि करकोच्यांची पिल्लं वसंतातच दिसतात; जुलै-ऑगस्टात सावली नाही आणि खोल्याही मिळत नाहीत. उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला, वारा पाठीशी राहील. दोन गावांच्या मध्ये बहुधा ना दुकान ना नळ, तेव्हा पाणी सकाळीच भरून घ्या. घोटा झाकणारे बूट घाला. खुणा सोडून टेकाडांवर पाय टाकू नका. तिथली झुडपं एकदा तुडवली गेली की वाळू सुटते. आणि एक संध्याकाळ वाट सोडून आतल्या सांव तेओतोनियो गावात घालवा. तिथे नेपाळी आणि भारतीय माणसांची दुकानं आहेत. हिंदी चालते. थोडं बसा, त्यांना विचारा, त्यांचं ऐका.