सिनेमाच्या नकाशावर जिंतूर अजून निजामात

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ही तारीख पाठ असते. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन इथं कुणी चुकवत नाही. पण एका धंद्यापर्यंत ही बातमी अजून पोचलेलीच नाही. हिंदी सिनेमाच्या वितरणात परभणी जिल्हा, आणि अर्थात जिंतूरही, आजतागायत ‘निजाम’मध्ये मोडतं!

वितरकांनी देशाचे जे तुकडे पाडलेत त्यांना ते ‘टेरिटरी’ म्हणतात. मुंबई टेरिटरीत पश्चिम महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि गोवा. विदर्भ ‘सी.पी.-बेरार’मध्ये, त्या नावाचा प्रांत १९५० मध्येच इतिहासजमा झाला, हे कुणाच्या गावी नाही. आणि मराठवाडा तेलंगणाबरोबर, बीदर-गुलबर्गा-रायचूरच्या पंक्तीला. म्हणजे पुण्याचं भावंड सुरत, जिंतूरचं भावंड वारंगळ. लोणार जिंतूरहून फार लांब नाही, पण ते पडलं बुलढाण्यात, म्हणून बेरारात. १९५६ ची भाषावार प्रांतरचना, १९६० चा संयुक्त महाराष्ट्र, सगळं या नकाशाच्या डोक्यावरून गेलं. (तेलुगू सिनेमावाले ‘निजाम’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात फक्त तेलंगण असतं, ती गोष्ट वेगळी.)

हे नुसतं जुनं नाव चिकटून राहिलेलं नाही, त्यामागे रोकडा व्यवहार आहे. निजामाच्या राज्यात नाणं वेगळं, ‘हाली’. सरहद्दीवर जकात घेणारं खातं वेगळं, ‘करोडगिरी’. मुंबईच्या निर्मात्यानं गावोगावच्या थिएटरवाल्यांमागे कुठं फिरायचं? तो अख्ख्या मुलखाचे हक्क एकगठ्ठा विकून मोकळा होणार. या सौद्याचा धंद्यातला शब्द ‘एम.जी.’, म्हणजे मिनिमम गॅरंटी: सिनेमा चालो न चालो, ठरलेली रक्कम निर्मात्याला मिळणार. एकदा हिशेबाच्या वह्या अशा आखल्या गेल्या, की राज्यं बुडाली तरी वह्या बुडत नाहीत. देण्याघेण्याइतकं चिवट दुसरं काही नसतं, असं माझं मत आहे.

त्यात रेल्वेची भर. बेरारकडचा सिनेमा वाटायला भुसावळ आणि अमरावतीला कचेऱ्या होत्या. भुसावळ तर जंक्शनच. निजाम टेरिटरीचं ठाणं हैदराबाद. तिथून मनमाडकडे येणारा निजामाचा मीटरगेज मार्ग १९०० मध्ये सुरू झाला आणि परभणीवरूनच गेला. जिंतूरला मात्र रेल्वे नाही, त्यामुळे परभणीपासून पुढची चाळीसेक किलोमीटर सडकेनंच.

आणि असा प्रवास करून यायचं ते काय? सिनेमा म्हणजे तेव्हा उचलायची वस्तू होती, पत्र्याच्या डब्यांतली. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात १६ चित्रं मावतात. पडद्यावरून सेकंदाला २४ जातात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीन तासांचा हिंदी सिनेमा धरा: १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर! जिंतूर गावातून फीत उलगडत निघालात तर नेमगिरीच्या जैन लेण्यांपर्यंत पोचाल आणि वर बरीच उरेल. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर झळकायचं तेव्हा जाणकार प्रेक्षक आधी रिळांचा आकडा वाचायचे. सोळा, अठरा दिसले की पैसे वसूल.

यातली खरी जादू मात्र वर केबिनमध्ये चालायची. एका मशीनवर सगळी फीत मावत नाही, म्हणून शेजारी शेजारी दोन प्रोजेक्टर. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात निमिषभर एक ठिपका चमकून जायचा. ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायचा. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्याच क्षणी पहिल्याचा उजेड बंद, दुसऱ्याचा चालू. खाली नायक वाक्य अर्ध्यात ठेवून दुसऱ्या मशीनमधून ते पुरं करायचा आणि खुर्चीतल्या कुणाला पत्ता लागायचा नाही. ठिपका एकदा माहीत झाला की मग सुटत नाही. दर रिळाच्या शेवटी डोळा आपोआप त्या कोपऱ्यात जातो. जुन्या प्रिंटवरून केलेल्या प्रतींत तो आजही सापडतो.

प्रिंट महाग, म्हणून मोजक्या. त्या आधी शहरांत फिरायच्या आणि मग ओरखडे, तुटलेले सांधे, गाळलेलं एखादं कडवं घेऊन तालुक्याला यायच्या. कधी दोन थिएटरांत एकच प्रिंट असायची: इकडचं रीळ संपलं की पोऱ्या ते सायकलवर टाकून तिकडे पळणार, तिकडचा खेळ म्हणूनच अर्धा-पाऊण तास उशिरा लावलेला. पंक्चर झालं की मध्यंतर लांबलं.

२००५ च्या सुमारास उपग्रहावरून थिएटरात सिनेमा उतरवण्याची सोय भारतात आली आणि ही उतरंड कोसळली. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा लहान गावांना शहराची शिळी प्रिंट येण्याची वाट बघावी लागली नाही. शंभर कोटींपलीकडे गेलेला तो पहिला मराठी सिनेमा.

आता पत्र्याच्या डब्यांच्या जागी कुलूपबंद फाइल. ती थिएटरात चार दिवस आधी येऊन पडली तरी उघडत नाही, कारण किल्ली वेगळी येते. ही किल्ली त्याच एका यंत्राला लागते, तीही ठरल्या दिवसापासून ठरल्या दिवसापर्यंत. मग यंत्राचं घड्याळच पुढे केलं तर? हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून जे मानक ठरवलं त्यात त्याचाही विचार झालेला आहे: घड्याळ मागेपुढे करायला थिएटरवाल्याला मुभा आहे, पण अख्ख्या वर्षात फक्त सहा मिनिटं.