दुव्यांची साक्ष

पनवेल म्हटले की आज रेल्वेचे जंक्शन आणि मोटारींची रीघ डोळ्यांपुढे येते. पण पणजोबांच्या काळी या गावाचे नाव होते ते बैलगाडीच्या चाकांसाठी. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता सुरू झाला आणि पनवेलच्या बंदरात उतरलेला माल गाड्यांनी घाट चढू लागला. चाक घाटात टिकते की दगा देते, हे गाडीवानाइतके कोणाला कळणार? त्याने दुसऱ्या गाडीवानाला "चाक घ्यायचं तर पनवेलचं घे" असे सांगितले की काम झाले. सुताराने दारात उभे राहून दिवसभर ओरडा केला असता, तरी त्या एका वाक्याची सर त्याला आली नसती.

वेबसाईटचेही असेच आहे बरं का. ते कसे, हे सांगण्याआधी एक घरगुती हकीकत सांगतो.

कर्नाळ्याच्या पायथ्याजवळ माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. नवरा-बायकोने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे असे घरचे जेवण देतात. मुलाने वेबसाईट करून दिली. पण गूगलवर कर्नाळ्यातला मुक्काम शोधावा, तर यांचे नाव पार पाचव्या पानावर! तेवढ्यात एक फोन आला : "आठ हजार द्या, हजार लिंका लावून देतो, महिन्याभरात पहिल्या पानावर." ती माझ्याकडे आली नि म्हणाली, "सर, देऊ का हो?" पैसे भात विकून आलेले होते. तेव्हा ह्या हजार लिंका म्हणजे काय, हे आधी नीट पाहणे भाग होते.

एका वेबसाईटवरून दुसरीकडे जाण्याची जी वाट, तिला लिंक किंवा दुवा म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे दोन विद्यार्थी १९९६ च्या सुमारास या दुव्यांच्या मागे लागले. विद्वानांच्या जगात एक रीत जुनीच होती : ज्या निबंधाचा आधार पुष्कळजण घेतात, तो निबंध महत्त्वाचा. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशा आधारांची सूचीच छापली होती. पेज आणि ब्रिन यांनी तोच न्याय वेबसाईटला लावला. दुवा म्हणजे साक्ष. आणि साक्षीची किंमत साक्षीदाराच्या पतीवर. १९९८ मध्ये त्यांनी गूगल कंपनी काढली, ती या हिशेबाच्या जोरावर.

हिशेब ढोबळ मानाने असा. एका पानाची पत १०० धरू. त्याने दोघांनाच दुवा दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० येतात. आता दुसरे पान घ्या, ज्याला कोणीच विचारत नाही. त्याची पत १, आणि त्याने दुवे वाटले हजारांना. प्रत्येकाला मिळाला एक हजारांश. अशी हजार पाने गोळा केलीत तरी बेरीज एकच! शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे, मुलांना गंमत वाटेल. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी पाहते, पण साक्षीचे तत्त्व सुटलेले नाही.

फोनवाला विकत होता ती हीच रिकामी पाने. खोट्या साक्षीदारांचा हा बाजार मोठमोठ्यांनाही भोवला आहे. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानमालिकेसाठी भलत्याच वेबसाईटांवर हजारो दुवे पेरले गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने २०११ च्या फेब्रुवारीत उघडकीस आणले. प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले हे दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. आम्हाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणून कंपनीने सल्लागाराला काढून टाकले. पुढल्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, गूगलने 'पेंग्विन' नावाची चाळणी बसवली. आता असले दुवे बहुधा हिशेबातच धरले जात नाहीत, म्हणजे आठ हजार पाण्यात. आणि खरेदी उघड दिसली तर शिक्षाही होते.

जाहिरात द्यायला हरकत नाही हो. पण पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी खूण करावी, असा गूगलचा नियम आहे. विकिपीडियावर आपला दुवा हळूच चिकटवून येणाऱ्यांचाही फायदा होत नाही. तिथल्या बाहेरच्या दुव्यांवर २००७ पासून 'ही साक्ष धरू नये' अशी खूण असते.

मग तिला सांगितले काय? म्हटले, पैसे ठेव. तुझ्याजवळ आहे ते लिही. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचे. लोक लांबून येतात, पण पावसाळ्यात रान कसे असते हे पायथ्याला राहणाऱ्यालाच माहीत. आपल्या रायगड जिल्ह्याचा पक्षी तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर येतो. यंदा तो कोणत्या तारखेला दिसला, हळद्या कधी शिळ घालतो, पनवेलहून एस.टी. किती वाजता सुटते, वाटेत जळवा आहेत का, हे सगळे मराठीत आणि तारीखवार लिहावे. चित्रावर अक्षरे छापू नयेत, सरळ मजकूर टंकावा. एक मात्र बजावले : घरट्याची जागा लिहायची नाही. कॅमेरेवाले गर्दी करतात आणि पाखरे घरटे सोडून जातात.

जवळच्या शाळेनेही यात हात घातला. सातवीची मुले पक्ष्यांची नोंदवही ठेवतात आणि ती नोंद शाळेच्या वेबसाईटवर येते. पहिला दुवा दिला तो शाळेने, कारण मुलांना निरीक्षणाला ओटा याच घराचा मिळतो. दुसरा आला एका पक्षिनिरीक्षकाकडून; त्याने तिच्या तारखा आपल्या लेखात घेतल्या आणि कुठून घेतल्या ते लिहिले. हजारांतले दोन झाले. वेबसाईट पाचव्या पानावरून दुसऱ्यावर आली आहे. परवा ती भेटली तेव्हा म्हणाली, "सर, पाहुण्यांपेक्षा खंड्याचीच चौकशी जास्त येते." मी म्हटले, येऊ दे, त्यांनाही भाकरी लागतेच.