अंगरक्षकाचा ओव्हरटाइम

वॉशिंग्टन : सप्टेंबर उजाडला की इथल्या सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांच्या घरच्यांनी त्यांची वाट बघणं सोडून द्यायचं. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरते, देशोदेशीचे राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान येतात आणि त्यांच्याभोवतीचं कडं याच खात्याचं असतं. परराष्ट्रमंत्र्यांना परराष्ट्र खात्याची वेगळी सुरक्षा सेवा सांभाळते. कृषी विद्यापीठाच्या पदवीदानाला राज्यपाल येणार असले, किंवा कुणी मंत्री शिर्डीहून शिंगणापूरला निघाले, की आपल्या राहुरीत रस्त्याच्या कडेला पोलीस तासन् तास उभे असतात. काम त्याच जातीचं. इथे मात्र उभं राहिल्याचे तास मोजतात, आणि ते मोजण्याचा कायदा भलताच किचकट आहे.

किचकट का, ते खात्याच्या इतिहासात आहे. सीक्रेट सर्व्हिस 1865 साली निघाली ती खोट्या नोटा पकडायला. 1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींची हत्या झाली आणि राष्ट्राध्यक्षांचं रक्षण तिच्याकडे आलं. त्यामुळे इथला अंगरक्षक कायद्याच्या लेखी आजही तपास अधिकारीच. तपासाचं काम घड्याळ बघून होत नाही, म्हणून 1994 च्या कायद्याने अशा अधिकाऱ्यांना मूळ पगारावर सरसकट 25 टक्के जादा दिले. अट एवढीच, की दर कामाच्या दिवशी सरासरी दोन तास तरी आयत्या वेळचं काम झालं पाहिजे. हे 25 टक्के पेन्शनमध्येही धरतात, त्यामुळे त्यावर कुणी फारशी कुरकुर करत नाही.

पण नेत्याचा दौरा आधी ठरलेला असतो. मग त्यासाठी वेगळं कलम. आठवडा सुरू होण्याआधी लावलेल्या जादा संरक्षण ड्यूटीचे सगळे तास वेगळे मिळतात, पण त्याच दिवशी आणखी दोन तास न ठरलेलं काम झालं तरच. समजा, आठ तासांची नेहमीची ड्यूटी आणि चार तासांचा ठरलेला बंदोबस्त आहे. वर दोन तास अचानकचे पडले तर चारही तासांचे पैसे. नाही पडले, तर पहिले दोन तास त्या 25 टक्क्यांत जिरले! हे कलम ज्याने लिहिलं त्याने कधी बारा तास बूट घालून पहारा दिला नसावा.

दरही ऐकण्यासारखा आहे. सामान्य अमेरिकन कामगाराला 1938 च्या कायद्याने जादा तासाला दीडपट मिळते. वरच्या श्रेणीतल्या अंगरक्षकाला बहुधा फक्त स्वतःचाच ताशी दर मिळतो, कारण दीडपटीचा हिशेब खालच्या एका श्रेणीच्या सुरुवातीच्या पगारावर धरतात. राहुरी फॅक्टरीवरच्या कामगाराचा ओव्हरटाइम 1948 च्या कारखाने अधिनियमाने दुप्पट ठरवला होता, हे इथल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. पगार आणि ओव्हरटाइम मिळून एक कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढचं काम फुकट, आणि ड्यूटी नाकारताही येत नाही. 2016 च्या निवडणुकीत इतके तास साचले की इथल्या संसदेने केवळ त्या वर्षापुरती मर्यादा वाढवली. ऑगस्ट 2017 मध्ये खात्याचे तेव्हाचे संचालक रँडॉल्फ ॲलिस यांनी सांगितलं, की हजाराहून अधिक जणांनी मर्यादा आधीच गाठली आहे. तेव्हा 42 जणांना संरक्षण होतं, ओबामांच्या काळात 31 जणांना. त्यांनी मर्यादा सुमारे 1,60,000 डॉलरवरून 1,87,000 वर न्यायला सांगितली. तरीही सुमारे 130 जुन्या अधिकाऱ्यांचे सगळे तास भरून निघणार नव्हते. पुढेही सवलत मिळाली ती मुदतीचीच.

आपल्याकडे पंतप्रधानांच्या एसपीजीला सातव्या वेतन आयोगानंतर प्रत्यक्ष सुरक्षेच्या कामासाठी मूळ पगाराच्या 55 टक्के भत्ता मिळतो. रस्त्यावरच्या शिपायाला मात्र 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 28 लागू : पोलीस सदैव कामावर आहे असंच समजायचं. सदैव कामावर असलेल्या माणसाचे जादा तास कुठून सुरू करायचे? मुंबईत 2016 साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तो याच दुखण्यावर.

अमेरिकेचे दर आपल्याला झेपणार नाहीत आणि ते दोन तासांचं कलम तर अजिबात नको. पण बंदोबस्तावर शिपाई कधी उभा राहिला आणि कधी सुटला, याची वेळ लिहून त्याची नक्कल त्याच्या हातात देण्याला फार पैसा लागत नाही. गृहखात्याने निदान तेवढं परिपत्रक काढावं.