जुन्या वेलींची वाइन चांगली का? आधी प्रश्न नीट मांडू या

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ईडन व्हॅलीत हेन्शकी कुटुंबाचा एक छोटा द्राक्षमळा आहे. त्यातल्या सर्वांत जुन्या शिराझच्या वेली १८६० च्या सुमारास लावलेल्या. १९५८ पासून या मळ्यातल्या द्राक्षांची ‘हिल ऑफ ग्रेस’ ही गडद, भरदार रेड वाइन बनते. अशा वाइनचे चाहते म्हणतात, वेली जुन्या म्हणून चव अशी. मुळं खोल गेलेली, जाड खोडात अन्नसाठा, घड कमी म्हणून रस दाट.

पटतं ना? मलाही पटलं होतं. पण रिसर्च करायचा तर इथेच थांबून विचारायला हवं: तुलना नेमकी कशाशी?

१९८० च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात द्राक्षं जास्त झाली, तेव्हा सरकारने पैसे देऊन वेली उपटायला लावल्या. बऱ्याच जुन्या बागा गेल्या. मग राहिल्या कुठल्या? ज्यांची द्राक्षं मालकाला मोलाची वाटली, त्या राहण्याची शक्यता जास्त. म्हणजे आज शंभरी ओलांडलेली वेल निवडीतून वाचलेली असू शकते. चव वयामुळे आली, की चव चांगली म्हणून वेल एवढी जगली? याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

शिवाय जुन्या मळ्याची माती, पाणी, वाण, छाटणी, सगळंच शेजारच्या नव्या मळ्यापेक्षा वेगळं असू शकतं. हे झाले कन्फाउंडर. आणि बाटलीवरचं ‘ओल्ड व्हाइन’ वाचूनच जीभ निम्मा निकाल देते, म्हणून चाखणी ब्लाइंडच हवी.

मग करायचं काय? पीएचडीच्या चार-पाच वर्षांत वेल शंभर वर्षांची होत नाही! उपाय असा: एकाच मळ्यात, एकाच वंशाच्या, पण वेगवेगळ्या वर्षी लावलेल्या वेली शोधायच्या. ॲडलेड विद्यापीठातल्या संशोधकांनी बरोसातल्या शिराझवर असंच काम केलं. त्यातून दिसलं की जुन्या वेलींना द्राक्षं कमीच लागतात असं नाही. म्हणजे ‘घड कमी म्हणून रस दाट’ हे स्पष्टीकरण सरसकट लावता येत नाही. जर्मनीत गायझेनहाइमलाही १९७१, १९९५ आणि २०१२ मध्ये लावलेल्या रीसलिंगच्या वेलींची तुलना झाली आहे. ते पांढरं द्राक्ष आहे, पण प्रयोगाची रचना तीच.

अजून एक सापळा. एका मळ्यातल्या शंभर वेली मोजल्या म्हणजे शंभर मळे अभ्यासले असं होत नाही. निष्कर्ष त्या मळ्यापुरताच राहतो.

यावरून ‘जुन्या वेलींचं कौतुक खोटं’ असं ठरत नाही. एवढंच कळतं, की ‘वय’ या एका शब्दाखाली चार-पाच कारणं लपलेली असतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असा एखादा शब्द असेल. गाइडने विचारायच्या आधी तुम्हीच तो उघडून बघा.