सणाची बिस्किटं आणि ऐकीव गोष्टी

बुलढाण्याजवळच्या, पैनगंगेकाठच्या देऊळघाटात बसून मोबाईलवर नक्षीदार कुकीज पाहिल्या की पहिला प्रश्न पडतो तो ओव्हनचा. आपल्याकडे ओव्हन नाही, अंडं चालत नाही, साचे मिळत नाहीत, तो गोड बर्फासारखा लेप कशाचा असतो ते ठाऊक नाही. मग दिवाळी असो, ईद असो की नाताळ, घरात करायचा बेत तिथंच बारगळतो आणि बेकरीतून पुडा येतो. पुड्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बेत बारगळण्याची ही जी कारणं आहेत, त्यातली बहुतेक ऐकीव आहेत. घरची कुकी बिघडते ती तुपाच्या आणि तव्याखालच्या आचेच्या हिशेबात, आणि दोष मात्र ओव्हनला जातो. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलाच प्रकार.

आधी हा पदार्थ ‘परका’ असल्याची समजूत. शुगर कुकी म्हणजे मैदा, साखर, लोणी. बस. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाझरेथ या गावी अठराव्या शतकात आलेल्या जर्मन मोरेव्हियन पंथीयांनी ती रुजवली असं मानतात. आता आपल्याकडची नानखटाई घ्या: मैदा, साखर, तूप. तिची गोष्ट सुरतेकडून सांगितली जाते, डच लोकांच्या भट्टीवरून पारश्यांकडे आलेली. तिथली डोटीवाला बेकरी आपली सुरुवात १८६१ ची सांगते. पुण्यातल्या कॅम्पात १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरीसुद्धा याच कुळातली, नाव इंग्लंडातल्या गावाचं आणि रांगा पुणेकरांच्या. म्हणजे ज्या घरात नानखटाई येते त्या घरात शुगर कुकी आधीच आलेली आहे, फक्त तिला चांदणीचा आकार आणि वर साखरेची नक्षी नव्हती.

आणि साखरेच्या नक्षीचं म्हणाल तर त्यात आपण कच्चे मुळीच नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवून त्यावर पाकाचे थेंब किती धीरानं सोडावे लागतात! पाडव्याच्या गाठी साच्यात पाक ओतूनच होतात. ज्या बाईनं हलव्याचे दागिने केलेत तिला कुकीवर रेघ ओढायला कोणी शिकवायला नको.

‘ओव्हनशिवाय होतच नाही’

होतं. कुकीला लागते चोहोबाजूंनी येणारी कोरडी, साधारण १६० ते १८० अंशांची उष्णता. ती जाड बुडाच्या कढईत किंवा पातेल्यात मिळते. तळाशी वाळू किंवा मीठ पसरा, त्यावर तिकाटणं किंवा उलटी वाटी, घट्ट झाकण, आणि दहा-बारा मिनिटं मंद ते मध्यम आचेवर आधी रिकामं तापवा. मग ताटली आत. मिठाची चव बिस्किटात उतरते असं काही जण सांगतात. तसं काही होत नाही. मीठ किंवा वाळू नुसती उष्णता धरून ठेवते आणि सारखी पसरवते. नुसतं तिकाटणं ठेवलं तरी काम होतं, फक्त बुडाला आच जास्त लागते. तेव्हा ताटलीखाली आणखी एक ताटली ठेवावी.

प्रेशर कुकर वापरायचा मोह होतो. वापरायचाच तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढूनच. पण पाण्याशिवाय कुकर तापवू नका असं बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात, आणि माझंही मत जुनी जाड कढई बरी असंच आहे. कढईत एका वेळी पाच-सहाच बिस्किटं मावतात. वेळ जातो, हे मात्र खरं आहे आणि त्यावर इलाज नाही. फार मोठा घाणा असेल तर महाराष्ट्रात गावोगावच्या बेकऱ्यांत रवा, मैदा, साखर, तूप नेऊन देण्याची आणि बिस्किटं करून आणण्याची जुनी रीत आहेच. कापून तयार केलेले आकार ट्रेमध्ये मांडून भाजून द्याल का, असं विचारायला काय हरकत आहे? विटांच्या भट्टीत जी चव येते तिच्यामागे कुठला गुप्त मसाला नसतो. विटांनी पिऊन ठेवलेली उष्णता हळूहळू उतरत जाते आणि बिस्किट निवांत भाजलं जातं.

मायक्रोवेव्ह असलेल्यांचा गैरसमज उलटा असतो: यंत्र आहे म्हणजे झालं. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः पदार्थातलं पाणी तापतं. वरचा भाग खमंग लाल होण्याइतका तापत नाही, म्हणून कुकी आतून दगड आणि वरून पांढरी राहते. त्याच यंत्रात ‘कन्व्हेक्शन’ असेल तर तेच बटण दाबायचं, कारण त्यात गरम हवा फिरते.

उंचीचंही कोणीतरी सांगत असतं, डोंगरावर बेकिंग बिघडतं म्हणून. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्यानं कृती बदलावी लागत नाही.

‘मोहन कडकडीत हवं, पीठ चांगलं मळून घ्यावं’

माझ्या मते सगळ्यात जास्त बिस्किटं इथंच बिघडतात, आणि बिघडवणारे हात सुगरणींचेच असतात. करंजीला, शंकरपाळ्याला आपण गरम मोहन घालतो, कारण तो पदार्थ तळायचा असतो आणि पीठ लाटून एकजीव राहायला हवं असतं. कुकीचं गणित वेगळं. इथं तूप थिजलेलं, मऊ पण न वितळलेलं हवं. ते पिठीसाखरेबरोबर फेसलं की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. पुढे भाजताना तेच फुगतात आणि बिस्किट खुसखुशीत होतं. वितळलेल्या तुपात हवा अडकत नाही. असं पीठ आच लागताच पसरतं आणि चांदणीची भाकरी होते.

मळण्याचंही तसंच. मैद्यात पाणी पडून तो मळला गेला की चिवट जाळं तयार होतं. पोळीला ते हवं, बिस्किटाला नको. म्हणून पीठ गोळा होईपर्यंत हातानं एकत्र करायचं आणि थांबायचं. वर दिसायला ते जरा भेगाळलेलं वाटेल. वाटू द्या.

मग तो गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवायचा. डिसेंबरात घाटावरच्या गारठ्यात तूप आपोआप रवाळ होतं, तेव्हा ओट्यावर ठेवलं तरी चालतं. पण ईद उन्हाळ्यात आली तर विदर्भातल्या चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हात तूप पातळ तेल होऊन बसतं. अशा वेळी पीठ लाटून, आकार कापून, ताटलीसकट फ्रीजमध्ये ठेवावं आणि थंडगारच भट्टीत घालावं. व्हिडिओत ही पायरी दोन सेकंदांत उडवतात. खरा आकार टिकतो तो इथं.

लोण्याऐवजी तूप तेवढंच घालावं, हा आणखी एक घोळ. बाजारच्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. कृतीत १०० ग्रॅम बटर असेल तर ८० ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध, असा हिशेब बसतो. घरच्या पांढऱ्या लोण्यात पाणी किती हे ताकावर आणि तुमच्या हातावर अवलंबून, म्हणून मी ते कापायच्या कुकीला घेत नाही. वजनाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: पिठीसाखर १००, तूप १६०, मैदा ३०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, आणि गोळा होण्यापुरतं दोन-तीन चमचे दूध. अर्ध्या सेंटीमीटर जाडीची पोळी लाटायची. कढईत पंधरा ते वीस मिनिटं, ओव्हनमध्ये १७० अंशांवर बारा ते पंधरा. वाटीनं मोजायचं असेल तर खुशाल मोजा, पण एकच वाटी सगळ्याला, आणि साखर दळल्यावर मोजायची. वाटीभर साखर आणि वाटीभर पिठीसाखर यांचं वजन सारखं नसतं.

साच्यांसाठी कोणी अडून बसू नये. डब्याचं झाकण, वाटी, करंजीचं कातणं हे घरात असतंच. लहान झाकणानं गोल कापून त्याच झाकणानं एक बाजू पुन्हा कापली की चंद्रकोर झाली. पणती किंवा पतंग हवा तर जाड पुठ्ठ्याचा आकार कापून तो पिठावर ठेवायचा आणि सुरीनं कडेनं फिरायचं.

‘सोडा घातल्याशिवाय खुसखुशीत होत नाही’

कापायच्या कुकीत सोडा नसला तरच बरं, फुगल्यावर चांदणीची टोकं बोथट होतात. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर एकच समजण्याची चूकही सर्रास होते. सोडा नुसता क्षार आहे, त्याला काम करायला दही, ताक, लिंबू असं काही आंबट लागतं. बेकिंग पावडरमध्ये तो आंबट भाग आणि थोडं स्टार्च आधीच मिसळलेलं असतं. आंबट न घालता सोडा जास्त झाला की बिस्किट काळपट होतं आणि साबणासारखं लागतं. धुण्याचा सोडा तर निराळाच पदार्थ, त्याची बरणी स्वयंपाकघरात ठेवूच नये.

अंड्याबद्दल फार बोलायला नको. नानखटाई त्याच्याशिवायच होते.

मैद्याविषयी मात्र दोन टोकांच्या गोष्टी कानावर येतात. मैद्यात ‘अ‍ॅलोक्सान’ असतं आणि त्यानं मधुमेह होतो, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. अ‍ॅलोक्सान हे रसायन प्रयोगशाळेत उंदरांना मोठ्या मात्रेत देऊन त्यांच्यात मधुमेह निर्माण करतात, हे खरं. मैद्याच्या बिस्किटातून माणसाला तसं होतं, याला पुरावा नाही. मैद्याचा खरा दोष साधा आहे: कोंडा गेलेला, तंतू कमी, रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारा. दुसरं टोक म्हणजे ‘गूळ आणि ज्वारी घातली की मधुमेह्यालाही चालतं’. गुळातही मुख्यतः साखरच आहे. शिवाय तो ओल धरतो, त्यामुळे कुकी मऊ पडते आणि पसरते. ज्वारी आपल्या भागातली, चवीला सुंदर, पण तिच्यात ते चिवट जाळं होत नाही म्हणून एकट्या ज्वारीचे आकार उचलताना मोडतात. निम्मी ज्वारी, निम्मा मैदा घ्या. मधुमेह असलेल्यानं मात्र ते बिस्किटही बिस्किट म्हणूनच मोजावं.

वनस्पती तुपाला ‘प्लॅस्टिक’ म्हणणंही असंच. त्यातली काळजीची गोष्ट होती ट्रान्स फॅट, आणि जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेलं व स्निग्ध पदार्थांतलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. म्हणून ते पौष्टिक झालं असं नाही. सुट्टं, बिननावाचं मात्र घेऊ नये.

‘कडक झाली की भट्टीतून काढायची’

गरम असताना कुकी मऊच लागते, कारण तूप वितळलेलं आणि साखर सैल असते. कडा जेमतेम गुलाबी झाल्या की बाहेर काढा, पाच मिनिटं ताटलीतच राहू द्या, मग जाळीवर. कडक व्हायची वाट पाहिली तर गार झाल्यावर ती दातांची परीक्षा घेते.

‘आयसिंगला अंड्याचा पांढरा बलक हवा, रंग बाटलीतला हवा’

परदेशी ‘रॉयल आयसिंग’मध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि तो कच्चा असल्यानं साल्मोनेलाची भीतीही असते. घरी दूध आणि पिठीसाखर पुरे. शंभर ग्रॅम पिठीसाखर तलम फडक्यातून चाळून, छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळून, त्यात थेंबाथेंबानं दूध, एकूण तीन-चार छोटे चमचे. बाजारच्या आयसिंग शुगरमध्येही थोडा कॉर्नस्टार्चच घातलेला असतो. चमच्यातून पडलेली धार दहाएक मोजेपर्यंत वाटीत विरली तर लेपाला योग्य, न विरता उभी राहिली तर रेघेला. दुधाच्या पिशवीचा स्वच्छ कोपरा बारीक कापला की नळी तयार. कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर लेप वाहून जातो. कोरड्या हिवाळी हवेत तो काही तासांत वाळतो. कोकणातल्या, मुंबईतल्या बहिणीला यासाठी रात्रभर थांबावं लागतं.

‘नैसर्गिक रंग टिकत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. भाजायच्या पिठात ते बिघडतात. हळदीच्या पिठात सोडा पडला की ते लालसर होतं, शाळेत साबणानं हळदीचा कागद लाल करतात तेच इथं घडतं. बिटाचा रंग आचेनं मळकट होतो. पण आयसिंगला आच लागतच नाही! तिथं दुधात भिजवलेलं केशर, चिमूटभर हळद, बिटाचा दाट रस, गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी हे सगळं सुंदर चालतं. गोकर्णाच्या निळ्यात लिंबाचा थेंब पडला तर जांभळा. बाटलीतला रंग घ्यायचा तर खाण्याचा म्हणून लेबल लावलेलाच. आपल्याकडे मोजक्या कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे. मेटॅनिल यलो आणि रोडामाईन बी त्यांत नाहीत, आणि पुडीत मिळणाऱ्या सुट्ट्या भडक रंगांत हेच सापडतात.

वर्खाची हौस असेल तर तो चांदीचा आहे ना, पाहा. चांदीसाठी ओळखलं जाणारं खामगाव आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा एवढी पारख आपल्याला असायलाच हवी. वर्ख बोटांत चोळला की चांदीचा विरून जातो, अ‍ॅल्युमिनियमचा गोळा होतो. वर्ख कुटताना जनावराचं कातडं वापरतात ही जुनी शंका खोटी नव्हती, पण आता प्राणिजन्य काही त्यात नसावं असा नियमच आहे.

नाताळसाठीच करत असाल तर आणखी एक. नाताळ म्हणजे भाजलेल्या कुकीज, हेही खरं नाही. गोव्यात नाताळचा फराळ ‘कुस्वार’ म्हणून ताटात येतो, त्यातल्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी आणि कुलकुल तेलात तळलेले. भट्टीची सोय झालीच नाही, तर चांदणीच्या आकाराची शंकरपाळी तळून त्यावर हाच दुधाचा लेप द्या. फक्त त्या पिठाला मोहन कडकडीत घालायचं.

केलेल्या कुकीज हवाबंद डब्यात, दोन थरांमध्ये कागद घालून. बिनलेपाच्या सादळल्या तर मंद आचेच्या कढईत पाच मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतात. लेप दिलेल्यांना हा उपाय चालत नाही, साखर वितळते. म्हणून निम्म्या तशाच ठेवाव्यात आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रंगवाव्यात.