भाताच्या देशातला गहू

गव्हातले ग्लुटेन ज्याला चालत नाही असा कोणी जपानला निघाला, की आपण सहज म्हणून जातो, ‘तुला कसली काळजी? तिकडे तर भातच खातात!’ भात खातात हे खरे. पण जपानी स्वयंपाकघरात गहूही जागोजागी असतो आणि बहुतेक वेळा तो डोळ्यांना दिसत नाही. तो कुठे लपतो हे समजून घेण्याआधी ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू या. त्यासाठी एक प्रयोग वर्गात सहज करता येईल.

मूठभर मैद्याचा घट्ट गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्याच्या बारीक धारेखाली तो हळूहळू चोळत राहा. पाणी पांढरे होते, ते त्यातल्या पिष्टामुळे. पाणी नितळ येऊ लागले की हातात एक करडा, रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरतो. तेच ग्लुटेन. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठाचा गोळा असा धुतला तर हातात असे काही उरत नाही. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, त्याचे कारण इथे आहे.

ग्लुटेन हे मुख्यतः ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचे मिश्रण आहे. त्यांत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले फार असतात. प्रोलिन असलेल्या जागी आपली पाचक विकरे अडखळतात आणि प्रथिनाचे लांब तुकडे तसेच आतड्यात उतरतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. सीलिअ‍ॅक रोग असलेल्यांच्या शरीरात मात्र रोगप्रतिकार यंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत लहान आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. अन्नरस शोषणारा पृष्ठभागच घटल्यावर जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही लक्षणे ओघाने येतात. जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. गव्हाचा आणि या रोगाचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. आजही ग्लुटेन जन्मभर टाळणे हाच उपचार आहे.

किती टाळायचे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले गेले, तेवढ्यानेही आतड्यांना इजा झाली. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन धरले, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग! ताटातल्या शेवया बाजूला सारून उरलेले खाणे का चालत नाही, हे या हिशेबावरून ध्यानात येईल. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने एका किलोला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली आहे.

आता जपानकडे वळू. रामेन आणि उदोन या शेवया गव्हाच्या, तेम्पुरा म्हणजे मैद्यात बुडवून तळलेली भजी. हे कोणीही ओळखेल. खरा घोटाळा आहे तो शोयूचा, म्हणजे सोया सॉसचा. नाव सोयाचे असले तरी सर्वांत जास्त खपणाऱ्या शोयूत सोयाबीन आणि गहू जवळजवळ समसमान असतात. शिजवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. मग ते मिठाच्या पाण्यात घालून काही महिने आंबवतात. हा रस माशाला लावलेला असतो, भाजीत असतो, सुशीसोबत वाटीत असतो, आणि शेवयांच्या रश्शातही असतो.

इथे विज्ञानाच्या शिक्षकाला आवडेल असा प्रश्न उभा राहतो. बुरशीची विकरे प्रथिने तोडतात. मग शोयूत ग्लुटेन उरते का? नेहमीच्या तपासणीत ते बऱ्याचदा सापडत नाही. पण ही तपासणी कशी चालते ते पाहा. तिच्यात प्रथिनाचा तुकडा दोन प्रतिपिंडांनी दोन ठिकाणी पकडावा लागतो. दोन चिमटे लावायचे तर कापडाची पट्टी तेवढी लांब हवी. लहान चिंधीला एकच चिमटा बसेल आणि ती मोजणीतून सुटेल. म्हणजे तुटलेले तुकडे तपासणीला दिसत नाहीत, आणि ते आतड्याला निरुपद्रवी आहेत असे त्यावरून म्हणता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली नियम केला की आंबवलेला पदार्थ ग्लुटेनमुक्त म्हणायचा तर आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेनमुक्त असल्याचे दाखवले पाहिजे. आमच्या मते प्रवाशाने गव्हाचा शोयू वर्ज्यच धरावा. तामारी हा शोयू बहुधा नुसत्या सोयाबीनचा असतो, पण काही तामारीतही थोडा गहू घालतात. गहू नसल्याची खात्री केलेली तामारीची छोटी बाटली खिशात ठेवणे उत्तम.

नावांनीही फसगत होते. सोबा म्हणजे उत्तरेत उपवासाला खातात तो कुट्टू. त्यात ग्लुटेन नाही. पण सोबाच्या शेवयांत अनेकदा दोन भाग गहू आणि आठ भाग कुट्टू असतो. नुसत्या कुट्टूच्या शेवयांना ‘जुवारी’ म्हणतात (आपल्या ज्वारीशी तिचा काही संबंध नाही!), आणि त्याही उदोनच्याच पाण्यात उकळलेल्या असू शकतात. उलट मोची ज्या चिकट तांदळाची करतात त्यात ग्लुटेन मुळीच नसते. तो चिकटपणा पिष्टाचा असतो. मिसो तांदळाचा, जवाचा किंवा नुसत्या सोयाबीनचा असतो, तेव्हा कोणता ते विचारावे. उन्हाळ्यात पाण्याऐवजी समोर येणारा गार मुगीचा हा भाजलेल्या जवाचा काढा आहे.

शाकाहारी मराठी माणूस बौद्ध मठांतले शोजिन जेवण निर्धास्तपणे मागवील. तिथे ‘फू’ नावाचा मऊ पदार्थ वाढतात. आपण वर धुऊन काढलेला चिवट गोळा आठवतो ना? फू म्हणजे तोच, नुसते ग्लुटेन.

जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर गव्हाचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. जव आणि राय यांना मात्र ती सक्ती नाही, आणि उपाहारगृहांनाही नाही. या रोगाला कारण होणारे जनुकप्रकार जपानी लोकांत विरळ असल्याने रोगही विरळ. वाढप्याला ‘ग्लुटेन’ म्हटले तर बोध होईलच असे नाही. गहू म्हणजे ‘कोमुगी’, जव म्हणजे ‘ओमुगी’ आणि राय म्हणजे ‘राइमुगी’. नुसते ‘कोमुगी नको’ म्हटले तर जव ताटात येऊ शकतो. ही तिन्ही धान्ये, शोयू, आणि तळणीचे तेल व उकळायचे पाणी वेगळे हवे, एवढे जपानीत लिहून घेतलेले कार्ड आचाऱ्याला दाखवावे. साधा भात, मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, मासे खाणाऱ्यांना नुसत्या मिठात भाजलेला मासा, एवढे बहुतेक ठिकाणी मिळू शकते.

सोबत नेण्याच्या डब्यातही लक्ष घालायला हवे. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे घरच्या चिवड्याची फोडणीसुद्धा तपासावी लागते. उपवासाचे पदार्थ इथे फार उपयोगी पडतात : राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, तळलेला साबुदाणा. राजगिऱ्याचे पीठ न्यायचे असेल तर ते गिरणीत, आधी गहू दळलेल्या दगडांतून, काढून आणू नये; राजगिरा निवडून घरी, स्वच्छ धुतलेल्या मिक्सरवर दळावा.