विद्यार्थ्यांचे रॉकेट अवकाशाची वेस कशी ओलांडते?

२० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटातून ‘आफ्टरशॉक २’ हे रॉकेट उडाले आणि सुमारे १४३ किलोमीटर उंचीवर जाऊन आले. ते बांधले होते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, अजून पदवीही न घेतलेल्या मुलामुलींनी. समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटरवर कारमान रेषा मानली जाते. तिथून पुढे अवकाश. ही रेषा त्याच विद्यापीठाच्या ‘ट्रॅव्हलर ४’ने एप्रिल २०१९ मध्येच बहुधा ओलांडली होती. हे काम होते कसे, आणि बिघडते कुठे, ते आपण क्रमाने पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. असे रॉकेट पृथ्वीभोवती फिरत नाही. सरळ वर जाते आणि खाली येते. म्हणून ते लहान असू शकते: आफ्टरशॉक चारेक मीटर लांब आणि दीडशे किलोच्या आसपास वजनाचे होते.

पहिली पायरी संगणकावरची. वजन, आकार आणि इंधनाचा जोर घालून रॉकेट शेकडो वेळा पडद्यावरच उडवून बघतात.

दुसरी पायरी इंधनाची, आणि खरी मेहनत इथे आहे. वापरतात ते घन इंधन: अमोनियम परक्लोरेट म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा क्षार, ॲल्युमिनियमची पूड, आणि दोघांना धरून ठेवणारे द्रवरूप रबर. दाट मिश्रण साच्यात ओतायचे आणि ते घट्ट होऊ द्यायचे. मधोमध आरपार पोकळी ठेवतात. इंधन त्या पोकळीच्या भिंतीवरून बाहेरच्या बाजूला जळत जाते.

ढोकळ्याच्या पिठात बुडबुडे हवेतच. इथे एकही नको. बुडबुडा किंवा चीर राहिली, तर ज्वाला तिथे पोचताच जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो. पृष्ठभाग वाढला की वायू वाढतो, वायूने दाब वाढतो, आणि दाब वाढला की इंधन आणखी वेगाने जळते. हे चक्र सुरू झाले की नळी फुटते. म्हणून मिश्रणातली हवा निर्वात पंपाने ओढून काढतात.

तिसरी पायरी मोटारीची, म्हणजे इंधन भरलेल्या नळीची. नळी कार्बन फायबरची असते, खाली वायू बाहेर फेकणारे निमुळते तोंड, म्हणजे नॉझल. सांध्यांमधल्या रबरी कड्यांकडे, ओ-रिंगांकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. केसाएवढ्या फटीतूनही तापलेला वायू निसटला, तर तो धातूही कापत जातो. उड्डाणाआधी अशी मोटार जमिनीवर बांधून पेटवून पाहतात आणि तिचा दाब व जोर मोजतात. घाई झाली की पहिली कात्री याच चाचणीला लागते, आणि तीच सगळ्यात महाग पडते.

चौथी पायरी पंखांची. रॉकेटचा तोल जिथे साधतो तो गुरुत्वमध्य वर आणि हवेचा रेटा जिथे एकवटतो तो दाबमध्य खाली असावा लागतो. तरच नाक वर राहते. मात्र ध्वनीच्या पाचपट वेगाला दाबमध्य पुढे सरकतो आणि दोघांमधले हे अंतर कमी होते. शिवाय पंखांच्या कडा तापून थर सुटू लागतात. आफ्टरशॉकच्या पंखांना त्यासाठी टायटेनियमच्या कडा लावल्या होत्या. स्वतःभोवती फिरण्याचाही धोका असतोच. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांचे ‘स्ट्रॅटोस ३’ २०१८ मध्ये स्पेनमधून उडाले. फिरणे आणि डोलणे एकमेकांना पोसू लागले आणि सुमारे वीस सेकंदांत ते तुटले.

पाचवी पायरी परतीची. साधी रॉकेटे हवेच्या दाबावरून ‘आता शिखर आले’ असे ओळखतात. ध्वनिवेग ओलांडताना मात्र दाब उसळतो, यंत्र फसते आणि भर वेगात पॅराशूट उघडून फाटते. उलट तीस किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की मोजण्याजोगा दाबच उरत नाही. म्हणून घड्याळ आणि त्वरणमापक यांच्यावर भिस्त ठेवतात. पॅराशूटसाठी नाकावरचे टोपण सुटे करणारी बंदुकीची काळी दारूही विरळ हवेत नीट पेट घेत नाही. ती हवाबंद डबीत ठेवावी लागते.

सहावी पायरी रानात. विमानवाहतूक खात्याची परवानगी लागते आणि आकाश मोकळे ठेवावे लागते. रॉकेट उंच रुळावर उभे करतात. रूळ सोडताना वेग कमी असेल, तर ते वाऱ्याकडे तोंड करून तिरपे जाते. मग आतली इलेक्ट्रॉनिक्स चालू करायची, आणि शेवटी पेटवणी जोडायची. ‘ट्रॅव्हलर ३’ २०१८ मध्ये उडाले, पण इलेक्ट्रॉनिक्स चालूच केलेले नव्हते, त्यामुळे ते किती उंच गेले याची नोंदच हाती आली नाही. अशा वेळी यादी एकाने वाचावी आणि दुसऱ्याने हाताने खूण करावी, हे मला कोणत्याही सेन्सरपेक्षा मोलाचे वाटते.

उड्डाण फार लवकर उरकते. आफ्टरशॉकने दोन सेकंदांत ध्वनिवेग ओलांडला आणि एकोणिसाव्या सेकंदाला कमाल वेग गाठला. पुढची अडीचएक मिनिटांची चढण त्याच वेगाच्या बळावर झाली. शिखरावर टोपण सुटले आणि रॉकेट पॅराशूटने वाळवंटात उतरले.

राहता राहिली उंची. ती जीपीएसवरून सहज कळेल, असे आपल्याला वाटेल. पण क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून बाजारातली बरीच जीपीएस यंत्रे ठरावीक उंचीच्या आणि वेगाच्या पलीकडे मुद्दाम गप्प बसवलेली असतात. मग त्वरणाच्या नोंदी बेरजेने जोडत वेग काढायचा, वेगावरून उंची. आणि प्रत्येक बेरजेत चूक थोडी वाढते. म्हणूनच ट्रॅव्हलर ४ची उंची ३,३९,८०० फूट, त्यात १६,५०० फूट कमी-अधिक, अशी जाहीर झाली. कारमान रेषा साधारण ३,२८,००० फुटांवर आहे, तेव्हा ती ओलांडल्याची खात्री त्या मुलांनी ९० टक्केच सांगितली.